तीन उशीर : सरकारी दवाखान्याच्या वाटेचा इतिहास

'आरोग्य हीच संपत्ती' हा सुविचार आपण शाळेच्या फळ्यावर वर्षातून दोन-चार वेळा तरी लिहितो. ही संपत्ती सामान्य माणसाच्या हाती कशी आली, किंवा कुठे येता येता राहिली, याचा विचार मात्र आपल्याकडून फारसा होत नाही. इतिहासाच्या पुस्तकात लढाया येतात, तह येतात, सनावळ्या येतात. एखादे मोठे रुग्णालय कोणत्या साली उघडले, तेही एका ओळीत येते. परंतु ते उघडल्यानंतर त्याच्या दारापर्यंत कोण पोहोचले, किती वेळाने पोहोचले आणि दारात किती वेळ ताटकळले, हे त्यात नसते. गोरगरिबांच्या दृष्टीने पाहिले तर दवाखान्याचा खरा इतिहास हाच आहे.

हा इतिहास मोजायचा कसा? त्यासाठी एक सोपे माप उपलब्ध आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन विदुषींनी १९९४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बाळंतपणातील बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे असताना माता दगावतात का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे की माता तीन उशिरांमुळे दगावतात. पहिला उशीर घरात, दवाखान्यात न्यायचे की नाही हे ठरवण्यात. दुसरा उशीर वाटेत, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात. आणि तिसरा उशीर दवाखान्याच्या दारात, पोहोचल्यावर प्रत्यक्ष उपचार मिळण्यात. हे माप बाळंतिणीसाठी तयार झाले असले तरी ते प्रत्येक रोग्याला लागू पडते. आपल्या महाराष्ट्राचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा अनुभव या मापाने तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

घरातला उशीर

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या उदार देणगीतून १८४५ साली जे. जे. रुग्णालय उभे राहिले आणि त्याला जोडून ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गरीब रोग्यासाठी हे फार मोठे दार उघडले. परंतु समाजाच्या निम्म्या भागासाठी, म्हणजे स्त्रियांसाठी, ते उघडूनही बंदच राहिल्यासारखे होते. परपुरुषाकडून तपासून घेण्यास त्या तयार नसत आणि घरातील वडीलधारी मंडळीही परवानगी देत नसत. हा केवळ आपल्याच समाजाचा प्रश्न होता असे कोणी समजू नये. हिंदू, पारशी, मुसलमान, सर्वांच्या घरात कमी-अधिक प्रमाणात हीच स्थिती होती.

यावर उपाय निघाला तो १८८०च्या दशकात. इंग्लंडहून स्त्री-डॉक्टर आणाव्यात यासाठी मुंबईत नागरिकांनी निधी जमवला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी स्त्रियांच्या रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. १८८३ साली डॉ. एडिथ पीची मुंबईत आल्या. १८६९ मध्ये एडिनबरो विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी ज्या पहिल्या स्त्रिया दाखल झाल्या आणि ज्यांना शिकूनही त्या विद्यापीठाने पदवी नाकारली, त्यांपैकी या एक होत. १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले. तिथे रोगीही स्त्रिया आणि डॉक्टरही स्त्रिया होत्या. पुढे ज्या मुंबईच्या मुलीने बालपणी झालेले लग्न नाकारून खटला लढवला, त्या रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली.

इकडे दिल्लीत हकीम अजमल खान यांनीही हीच गरज ओळखली होती. १९०९ साली त्यांनी स्त्रियांना तिब्बी शिक्षण आणि सुईणीचे शास्त्र शिकवणारी शाळा काढली. हकीमसाहेब परंपरेचे मोठे अभिमानी होते. परंतु पडद्यातील स्त्रीपर्यंत औषध न्यायचे असेल तर शिकलेल्या स्त्रीशिवाय गत्यंतर नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

या सर्वांतून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घरातला उशीर नुसत्या उपदेशाने कमी झाला नाही. दारात उभे असणारे माणूस बदलले, तेव्हा घरातले उंबरठा ओलांडण्यास राजी झाले.

वाटेतला उशीर

मुंबईत रुग्णालये वाढत असताना खेड्यात काय होते? कोकणातील आपल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. रोग्याला डोलीत घालून चौघांनी खांद्यावरून न्यायचे, खाडी आली की तरीची वाट पाहायची, आणि पावसाळ्यात तर तेही नाही. मोठ्या गावचा डॉक्टर म्हणजे दूरदेशीचा पाहुणा.

या परिस्थितीचा पहिला पद्धतशीर हिशेब मांडला तो सर जोसेफ भोर यांच्या समितीने. भोर हे मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. १९४३ साली नेमलेल्या या समितीने १९४६ मध्ये आपला चार खंडांचा अहवाल दिला. त्यातील आकडे वाचून आजही मन सुन्न होते. सुमारे सहा हजार लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका! रुग्णालयातील खाटांचे प्रमाण दर हजार लोकांमागे ०.२४, म्हणजे चार हजार माणसांना मिळून जेमतेम एक खाट. त्यातही डॉक्टर बहुतेक शहरात आणि लोक बहुतेक खेड्यात.

पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व या समितीने स्वच्छ शब्दांत मांडले. रोग्याने दवाखान्याकडे जाण्याऐवजी दवाखान्याने रोग्याजवळ यावे, अशी तिची योजना होती. निदान ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, ही तिची तातडीची शिफारस. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समूह विकास कार्यक्रमाबरोबर अशी केंद्रे गावोगाव निघू लागली. १९८०च्या दशकात प्रमाण ठरले ते असे : ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र; डोंगरी व आदिवासी भागात अनुक्रमे २०,००० आणि ३,०००.

परंतु इमारत जवळ आली म्हणजे उपचार जवळ आला असे होत नाही, हे दाखवून दिले जामखेडने. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली आले. त्यांनी गावागावातून त्याच गावची एकेक स्त्री निवडली. यांपैकी बऱ्याच जणी निरक्षर होत्या. मुलाचे वजन कसे करावे, जुलाबात काय पाजावे, बाळंतपण स्वच्छ कसे करावे आणि कोणत्या बाईला वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे, हे त्यांना शिकवले. १९७८ साली आल्मा-आटा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला, त्यातील विचार जामखेडच्या या बाया आधीपासून आचरणात आणत होत्या. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकवले. तेथील ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगापुढे आले.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि ग्रामीण भागात साधारण हजार वस्तीमागे एक 'आशा' कार्यकर्ती नेमली जाऊ लागली. ही कल्पना याच वाटेवरची. २०११ पासून सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, औषधे, तपासण्या आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत झाली. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. ज्या वाटेवर डोली चालत होती, तिथे आता दूरध्वनी केल्यावर गाडी येते. वाट खराब असेल, गाडीला उशीर होईल, हेही घडते. पण डोलीच्या काळाशी तुलना केली तर हा बदल लहान नव्हे.

दारातला उशीर

तिसऱ्या उशिराचा अनुभव आपणा सर्वांना आहे. 'आईला दवाखान्यात न्यायचे असल्याने हजर राहू शकलो नाही' अशा चिठ्ठ्या वर्गशिक्षक या नात्याने माझ्याकडे नेहमी येतात. केस पेपरसाठी एक रांग, डॉक्टरांसाठी दुसरी, रक्त तपासण्यासाठी तिसरी, औषधासाठी चौथी. रोजंदारीवरच्या माणसाला उपचार फुकट मिळाला तरी त्या दिवसाची मजुरी जाते, आणि बरोबर आलेल्या मुलाची शाळा बुडते. मग पुढच्या खेपेला तो दुखणे अंगावर काढतो. म्हणजे दारातली रांग पुन्हा घरातला उशीर निर्माण करते! तीनही उशीर असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि फी गेल्याने रांग जात नाही. रांग कमी करण्याचे उपाय वेगळे आहेत, आणि त्यांपैकी काही सुरूही झाले आहेत. २०२२ पासून अनेक सरकारी रुग्णालयांत मोबाईलवर नोंदणी करून केस पेपरच्या रांगेतला वेळ वाचवता येतो. त्याच वर्षी मुंबईत 'आपला दवाखाना' योजनेत वस्तीजवळ दवाखाने उघडले आणि दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी संध्याकाळच्या वेळा ठेवल्या गेल्या. सर्दी-तापाचा रोगी वस्तीतच बरा झाला, तर मोठ्या रुग्णालयातील रांग गंभीर रोग्यासाठी मोकळी होते. हे तत्त्व भोर समितीच्या योजनेतही होतेच.

परंतु सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यक संख्येच्या मानाने सुमारे ८० टक्के तज्ज्ञ डॉक्टर कमी होते. खिडकी आहे, टेबल आहे, खुर्ची आहे. खुर्चीवर बसणारे माणूस नाही. रांग लांबते ती बाहेरची माणसे जास्त म्हणून नव्हे, तर आतली माणसे कमी म्हणून.

या इतिहासाचे फळ

एवढ्या खटाटोपातून काय साधले, हे आकडेच सांगतात. २००४-०६ मध्ये भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ही संख्या ९७ वर आली. महाराष्ट्रात ती १३० वरून ३३ वर आली. राज्यात रुग्णालयात होणारी बाळंतपणे २००५-०६ मध्ये शेकडा ६५च्या आसपास होती, ती २०१९-२१ मध्ये शेकडा ९५च्या घरात गेली. या आकड्यांमागे जिवंत राहिलेल्या आया आहेत, आणि पोरकी न झालेली मुले आहेत. त्यांपैकी कित्येक आज आपल्या वर्गात बसलेली असतील.

हे कोणा एका मोठ्या शोधामुळे झाले नाही. प्रत्येक टप्प्यावर एक शिकलेले माणूस रोग्याच्या अधिक जवळ आले, आणि बहुतेक वेळा ते माणूस एक स्त्री होती. कामा रुग्णालयातील डॉक्टरीण, अजमल खान यांच्या शाळेतील सुईण, जामखेडची गावकरीण, उपकेंद्रावरची नर्सबाई, गल्लीतली आशाताई.

पालकहो, म्हणूनच दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली घरापुरती. घरात कोणी गरोदर असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच नोंदणी करावी. कोणत्या रुग्णालयात जायचे, गाडी कोणती, बरोबर कोण जाणार, हे आधीच ठरवून ठेवावे. मध्यरात्री कळा सुरू झाल्यावर 'अब्बा परगावी आहेत, त्यांना विचारू' किंवा 'सासूबाई काय म्हणतात ते पाहू' यात जाणारा एकेक तास म्हणजे तोच पहिला उशीर. तो टाळण्यास सरकारचा एक पैसाही लागत नाही. जुने केस पेपर आणि तपासण्यांचे कागद एका पिशवीत नीट ठेवावेत. त्यानेही दारातला वेळ वाचतो.

दुसरी गोष्ट आपल्या मुलींविषयी. बारावीनंतर मुलगी परिचारिका होऊ इच्छिते म्हटले की रात्रपाळी आणि वसतिगृह या शब्दांनीच आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्याच घरातली सून बाळंतपणाला गेली की मात्र 'बाई डॉक्टरच हवी' असा आपला आग्रह असतो. तो आग्रह रास्त आहे. पण ती बाई डॉक्टर, ती नर्स, ती प्रयोगशाळेत रक्त तपासणारी मुलगी कोणाच्या तरी घरातूनच यावी लागते. ती आपल्या घरातून का येऊ नये?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, सरकारी दवाखान्यातील रांगेत उभे राहून सरकारला दोष देणे सोपे आहे, आणि पुष्कळदा तो दोष खराही असतो. रिक्त जागा भरा अशी मागणी नागरिक या नात्याने आपण केलीच पाहिजे. परंतु त्या जागा भरण्यास पात्र अशी मुले-मुली घडवणे हे आपल्या हाती आहे. त्या रांगेच्या पलीकडे, खिडकीच्या आतल्या बाजूला आपल्यापैकी काही जण बसलेले दिसतील, तेव्हा रांग निश्चितच थोडी पुढे सरकेल.