लोखंडाला एक दिवस

आमच्या घरात संगणक आला २००५ साली, आणि तीन महिन्यांच्या आत आजारी पडला. बटण दाबलं की आतून जुन्या शिवणयंत्रासारखा ‘टक् टक् टक्’ आवाज यायचा आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी उमटायच्या. शेजारचे एक गृहस्थ रेडिओपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळी यंत्रं एकाच उपायानं बरी करतात. त्यांनी वरून एक थाप मारून पाहिली. दुसरी मारणार एवढ्यात आमची ही ओरडली, “अहो भाऊजी, वॉरंटी आहे त्याला!”

हात हवेतच थांबला. सोवळ्यातल्या माणसाला कुणी ‘शिवू नका’ म्हणावं, तसं झालं.

वॉरंटीचं कार्ड अर्ध्या दिवसानं गेल्या वर्षीच्या पंचांगात सापडलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘एक वर्ष घरपोच सेवा’. मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरांत खाली लिहिलं होतं, ‘शहराच्या हद्दीत’. आता हद्द कोणाची? आमची आष्टी बीड जिल्ह्यात, पण संगणक, सोनं आणि नवरीचा शालू या गोष्टी नगरला घ्यायच्या, अशी इथली जुनी चाल. म्हणजे हद्द नगरची आणि घर आष्टीचं. सेवा घरपोचच होती, फक्त दुकानाच्या घरी आपण पोचायचं होतं.

एरवी मी तो डबा माळ्यावर टाकला असता. पण त्याच्यात आईच्या ओव्या होत्या. आईला जात्यावरच्या ओव्या येत. ती सांगायची आणि ही टाइप करायची. असं करता करता दोनशेच्या वर भरल्या होत्या. ‘आता वहीची भानगड नको, सगळं आत सुरक्षित राहतं,’ हा सल्ला अस्मादिकांचाच. त्यामुळे एसटीच्या शेवटच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन मलाच निघावं लागलं. कड्याच्या पुढे एका खड्ड्यात डबा आणि मी दोघंही उडालो. कंडक्टर म्हणाला, “गुरुजी, लेकरू नीट धरा.”

सेवा केंद्रातल्या पोरानं माझ्याकडे न पाहताच विचारलं, “काका, व्होल्टेज जास्त आलं असणार. ते वॉरंटीत बसत नाही.”

“अरे बाबा, आमच्याकडे भारनियमन आहे. वीज येतच नाही, तर जास्त कुठून येणार?”

“ठेवून जा. आठ दिवसांनी बघू.”

असे आठ दिवस चार वेळा झाले. मी पडलो इतिहासाचा मास्तर. समोरच्यानं निरुत्तर केलं की मला इतिहास आठवतो. त्या केंद्राच्या बाकड्यावर बसून मी या वॉरंटीचं मूळ जे शोधायला लागलो, तो पुढे बरीच वर्षं शोधत राहिलो.

मला भेटलेला सगळ्यांत जुना समदुःखी इराकातला निघाला. इसवी सनापूर्वी १७५०च्या सुमारास उर नावाच्या शहरात नन्नी या गिऱ्हाइकानं एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला मातीच्या विटेवर तक्रार कोरून पाठवली. ती वीट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तांबं हलकं दिलंस, माझ्या माणसांचा अपमान केलास, आणि त्यांना शत्रूच्या मुलखातून रिकाम्या हातानं परत पाठवलंस, असं तो म्हणतो. हे वाचून मला गलबलून आलं. आष्टीहून नगरला जाणं म्हणजे १९४७पर्यंत निजामाच्या राज्यातून इंग्रजी मुलखात जाणं होतं. इकडचा रुपया हाली, तिकडचा कलदार. नन्नीला मी एसटीत शेजारी जागा दिली असती.

आपल्याकडचे लोक मात्र जास्त शहाणे. कौटिल्यानं ‘अर्थशास्त्रा’त सौदा फिरवण्याची मुदत ठरवून दिली आहे. व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन आणि गुराख्याला पाच. मला तर यात असं दिसतं की ज्याला बाजार लांब, त्याला मुदत जास्त. पाटलीपुत्रात बसलेल्या माणसाला आष्टीची एसटी ठाऊक होती म्हणायची!

याज्ञवल्क्यानं मालाप्रमाणे मुदत दिली. बियाण्याला दहा दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन आणि लोखंडाला एक. तेवढ्यात पारखून घ्या, नाहीतर आपलं नशीब. त्याच यादीत दासाला पंधरा दिवस आणि दासीला एक महिना आहे. तिथे मात्र माझं हसू मावळलं. या स्मृतीवर विज्ञानेश्वरानं ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, ती चालुक्यांच्या कल्याणीला, म्हणजे आमच्या मराठवाड्याला लागून असलेल्या आजच्या बसवकल्याणला. घरी येऊन मी हिला विचारलं, “संगणक कशात धरायचा गं? लोखंडात की रत्नात?”

“दुभत्यात धरा,” ही म्हणाली. “भाकड निघालंय.”

मग इंग्रज आले. त्यांचं सूत्र होतं, घेणाऱ्यानं आपलं सांभाळावं. १९३०चा माल विक्री कायदा त्यापेक्षा मवाळ, पण त्यात एक गंमत आहे. त्या कायद्यात ‘वॉरंटी’ म्हणजे सौद्याची मुख्य अट नव्हे, दुय्यम वचन. ते मोडलं तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्या कारणानं माल परत करता येत नाही. म्हणजे ज्या शब्दाला भिऊन शेजाऱ्याचा हात थांबला, तो कायद्याच्या पंगतीत दुसऱ्या ओळीत बसणारा!

गिऱ्हाईक खऱ्या अर्थानं उठून बसलं ते आपल्याच मुलखात. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. २४ डिसेंबर १९८६ला ग्राहक संरक्षण कायदा आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मंच निघाले. मी लगेच अर्ज लिहायला घेतला, तर वकील मित्र म्हणाला, “दुकान नगरचं, सौदा नगरला. तक्रारही नगरलाच.” म्हणजे पुन्हा एसटी! ही अडचण २०१९च्या नव्या कायद्यानं काढली. २० जुलै २०२०पासून तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या आयोगाकडेही जाता येतं, आम्हांला बीडला. आणि २३ सप्टेंबर २०२२ला तर आष्टी ते नगर रेल्वेही सुरू झाली. डबा मांडीवर घ्यायची गरज उरली नाही. अर्थात तोवर तो डबाच उरला नव्हता.

तर २००५. पाचव्या खेपेला पोरगं हसत बाहेर आलं. “काका, काम झालं. हार्ड डिस्क नवी टाकली. एक पैसा नाही.”

“आणि जुनी?”

“ती कंपनीत जमा. नियम आहे.”

“त्यात माझ्या आईच्या ओव्या होत्या रे.”

त्यानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग कार्ड उलटं करून एका ओळीवर बोट ठेवलं. आत साठवलेल्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर नाही. पोरगं वाईट नव्हतं. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला.

घरी आल्यावर आईला कसं सांगावं हे ठरवण्यात माझे दोन दिवस गेले. शेवटी हिनंच सांगितलं. आई गहू निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “गेल्या तर गेल्या. पुन्हा सांगते की. बस.”

हिनं दोनशेपानी वही आणली. आई सांगत गेली, पण चार-पाच झाल्यावर हिचा हात थांबला. “आई, ही मागच्या वेळी अशी नव्हती. तिच्यात भाऊ यायचा.”

“तेव्हा भाऊ होता गं,” आई म्हणाली.

मामा जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. आई पुढची ओवी सांगू लागली, आणि ही ती जशीच्या तशी लिहून घेऊ लागली.