महाभारताची चिकित्सक आवृत्ती आणि तिची संगणकीय संहिता : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना
मानव्यविद्यांच्या संशोधनात संगणकामुळे संदर्भशोध सुलभ झाला, हे सर्वमान्य आहे. तथापि छापील ग्रंथ संगणकावर येताना त्यातील कोणता भाग मागे राहतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पाठचिकित्सेची पद्धती
या कार्यास १९१९ मध्ये प्रारंभ झाला. १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. शास्त्री व पदवीधर यांनी हस्तलिखिते मुंबईच्या छापील प्रतीशी ताडून प्रत्येक पाठभेद चौकटी आखलेल्या तक्त्यांवर अक्षरागणिक नोंदविला. आदिपर्वासाठी सुमारे ६० हस्तलिखिते उपयोगात आणली गेली व ते १९३३ मध्ये पूर्ण झाले. १९४३ मध्ये सुखठणकरांचे निधन झाल्यावर डॉ. श्री. कृ. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादनाची धुरा वाहिली. १९६६ मध्ये संहिता पूर्ण झाली. पृष्ठाच्या वरच्या भागात सिद्ध संहिता, खाली पाठभेद आणि अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेषा, अशी तिची मांडणी आहे.

संगणकीय संहिता
१९९० च्या दशकात क्योतो येथील प्रा. मुनेओ तोकुनागा यांनी ही संहिता रोमन लिप्यंतरात संगणकावर आणली; केंब्रिजचे डॉ. जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. त्यामुळे अठरा पर्वांतील एखादा शब्द क्षणार्धात सापडू लागला. परंतु साध्या अक्षरसंहितेत त्या नागमोडी रेषेला स्थान नसते. संपादकाने साशंकतेने स्वीकारलेला पाठ तेथे निःसंदिग्ध भासतो.
हा दोष यंत्राचा नव्हे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ या उपक्रमाच्या १९९४ च्या मार्गदर्शिकेत पाठभेद नोंदविण्यासाठी स्वतंत्र खुणा दिलेल्या आहेत. उणीव आहे ती तळटीपा तितक्याच काळजीने संगणकावर उतरविणाऱ्या जाणकार श्रमांची.

निष्कर्ष
संगणकीय संहिता शोधासाठी अत्यंत उपयुक्त आहे. पाठनिर्णयासाठी मात्र छापील तळटीपांकडे वळणे अपरिहार्य ठरते. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयांनी हे खंड जागेअभावी बाजूस सारू नयेत आणि अभ्यासकांनी आपण कोणती प्रत वापरली, याचा स्पष्ट निर्देश करावा. चिकित्सक आवृत्तीचे मोल केवळ निश्चित केलेल्या पाठात नाही. तो पाठ कोणत्या पुराव्याने निश्चित झाला, हे वाचकासमोर उघड ठेवण्यात आहे.