सिरोंच्याच्या मोटारीची वार्षिक परीक्षा

गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी दक्षिणेस, प्राणहिता जेथे गोदावरीस मिळते त्या संगमाजवळ सिरोंचा हे गाव आहे. येथून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर दूर. वाट आलापल्लीच्या सागवानी अरण्यातून जाते. या वाटेवर भाड्याची जीप चालविणाऱ्या माणसाला ठरलेल्या मुदतीत एक परीक्षा द्यावी लागते. कायद्याच्या भाषेत तिचे नाव योग्यता प्रमाणपत्र. व्यवहारात सगळे तिला 'पासिंग' म्हणतात. पासिंगचा दिवस जवळ आला की मालकाच्या कपाळावर आठ्या पडतात. सरकारने हा एक त्रास मागे लावून दिला आहे, असे त्यास वाटते. ही समजूत कितपत खरी, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

दुसऱ्याच्या जिवाशी ज्याचा संबंध येतो असे यंत्र त्रयस्थाने वेळोवेळी तपासावे, ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. ती वाफेच्या बाष्पपात्रापासून निघाली. जर्मनीतील मानहाइम शहरी १८६५ मध्ये एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यात बाष्पपात्र फुटले. तेव्हा १८६६ मध्ये तेथील बाष्पपात्रांच्या मालकांनी आपण होऊन तपासणीमंडळ स्थापन केले. अशा मंडळांचे वारस आज त्या देशात मोटारींची तपासणी करतात. तेव्हा ही चाल मूळची मालकांनीच पाडलेली आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वाफेचे स्वप्न सिरोंच्यानेही त्याच काळात पाहिले होते. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा हे अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. समुद्रापासून वऱ्हाडच्या कापसापर्यंत गोदावरीतून आगबोटी न्याव्यात, अशी सर आर्थर कॉटन यांची योजना होती. परंतु नदीत खडकांचे तीन मोठे अडसर आडवे आले, खर्च वाढत गेला आणि १८७१ मध्ये काम थांबले. १८७४ मध्ये तो जिल्हाही मोडला व सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडले गेले. नदीने जे साधले नाही ते पुढे रस्त्याने साधावयाचे होते. आता गोदावरीवर व इंद्रावतीवर पूल आहेत. तेलंगण आणि छत्तीसगड हाकेच्या अंतरावर आले आहेत. म्हणजे आज येथील माणसाचा दवाखाना, बाजार आणि कचेरी सारे काही चाकांवर अवलंबून आहे.

चाकांचा कायदाही पायरीपायरीने आला. हिंदुस्थानातील १९१४ च्या मोटार कायद्याने नोंदणी आणि चालकाचा परवाना यांची व्यवस्था लावली. १९३९ च्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. माल अथवा प्रवासी वाहणाऱ्या गाडीजवळ योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर तिची नोंदणीच वैध मानू नये, असे त्याने ठरविले. १९८८ च्या कायद्यात तेच तत्त्व कायम राहिले. २०१८ पासून अशा गाडीस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांची मुदत मिळते; त्यानंतर मात्र परीक्षा दरसाल. घरच्या खाजगी मोटारीस पंधरा वर्षांनी नोंदणी नवी करताना तपासणीस जावे लागते. विलायतेत १९६० पासून खाजगी गाड्यांचीही तपासणी सुरू झाली; प्रथम दहा वर्षांवरील गाड्यांची, आणि आता तीन वर्षे झालेल्या गाडीची प्रतिवर्षी. आपल्याकडे भाडे घेणाऱ्यावर अधिक भार आहे, आणि तो न्याय्यच आहे. पैसे देऊन बसणाऱ्या उतारूस गाडीचे ब्रेक तपासता येत नाहीत. त्याच्या वतीने ते कोणीतरी तपासावे लागतात.

आता परीक्षेची तयारी कशी करावी? प्रथम गाडी खालून धुवावी. चिखल निघाल्याशिवाय तेलाची गळती आणि पाट्यांचे तडे दिसत नाहीत. पावसाळ्यात नाल्यांतून गेलेल्या गाडीच्या ब्रेकमध्ये व चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरते. तेथील ग्रीस पांढुरके झाले असेल तर ते बदलावे. स्टिअरिंग हलविताच चाक वळू लागते की मध्ये ढिलाई आहे, हे पाहावे. हातब्रेक चढावर गाडी धरून ठेवतो की नाही, याची खात्री करावी. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी राहिली असेल तर तो टायर रस्त्यास लायक नाही. दिवे लावून गाडी भिंतीसमोर उभी करावी आणि दोन्ही झोत सारखे पडतात का ते बघावे. मागचा लाल दिवा, दिशादर्शक, भोंगा, काच पुसणारा वायपर, मागील परावर्तक पट्ट्या, काही वगळू नये. शेवटी विमा, कर, परवाना आणि धुराचे प्रमाणपत्र यांच्या मुदती एका कागदावर लिहून घ्याव्यात. यांतील एकही काम फार खर्चाचे नाही, पण आदल्या रात्री करण्यासारखेही नाही. महिनाभर आधी आरंभ करणाऱ्याचे हाल होत नाहीत.

एक वाईट चाल येथे सांगितलीच पाहिजे. काही जण परीक्षेपुरते शेजाऱ्याचे चांगले टायर उसने आणतात आणि प्रमाणपत्र हाती पडताच पुन्हा आपले गोटा झालेले टायर चढवितात. निरीक्षक फसतो, परंतु आलापल्लीच्या पुढचे वळण फसत नाही. मध्यरात्री प्रसूतीच्या वेदनांनी तळमळणाऱ्या बाईस घेऊन जी जीप निघते, तिला वाटेत ना दुरुस्तीचे दुकान भेटते, ना दुसरी गाडी लवकर मिळते. तेथे प्रमाणपत्राचा कागद उपयोगी पडत नाही, ब्रेक उपयोगी पडतो.

म्हणून, श्रोतेहो, सिरोंच्याच्या मोटारीची खरी परीक्षा कचेरीच्या मैदानावर होत नाही. ती अरण्यातल्या त्या दोनशे किलोमीटरांत रोज होते. निरीक्षकाचा एक दिवस हा उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांची आठवण करून देण्यासाठी आहे. मानहाइमच्या मालकांस ही गोष्ट एका स्फोटानंतर कळली. आपणांस ती त्याआधीच कळावी, एवढीच इच्छा.