निरोप पोचवायचा कुणी?

'मिशन' हा शब्द आपल्याकडे खेड्यापाड्यांतसुद्धा रुळलेला आहे. मिशनचा दवाखाना, मिशनची शाळा, मिशनचा बंगला. शब्द कानावर पडला की कौलारू इमारत, भोवतालचे कुंपण आणि हॅट घातलेला साहेब डोळ्यांपुढे येतो. पण मुळात हा शब्द इमारतीचा नव्हेच. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'पाठवणे' असा आहे. ग्रीक भाषेतल्या 'अपोस्तल' या शब्दाचा अर्थही पाठवलेला माणूस असाच होतो, आणि मराठी बायबलात त्याला शब्दही तसाच नेमका योजला आहे : प्रेषित. पाठवलेल्याने जे सांगायचे ते शुभवर्तमान, म्हणजे चांगली बातमी. तेव्हा मिशन म्हणजे, साध्या भाषेत, निरोप पोचवण्याचे काम.

आता हा निरोप पोचवायचा कुणी? त्यासाठी नेमलेल्या पगारी पाद्र्याने, की प्रत्येक ख्रिस्ती माणसाने? हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे, आणि त्याचे एक मोलाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रात शोधले गेले. आज आपण त्याचाच थोडा मागोवा घेऊ. कुणी कोणता धर्म पाळावा, हा आपला विषय नव्हे. एका समाजाने स्वतःच्या कर्तव्याचा विचार कसा केला, एवढेच आपण पाहायचे आहे.

आरंभीच्या काळात या कामाला ना संस्था होती, ना तनखा. योहानाच्या शुभवर्तमानात एका शोमरोनी स्त्रीची हकीकत आहे. ती विहिरीवर पाणी भरायला आली, येशूशी तिचे बोलणे झाले, आणि घागर तिथेच टाकून ती गावात सांगत सुटली. तिला कुणी नेमले नव्हते. पुढे यरुशलेमात छळ सुरू झाला, तेव्हा पांगलेल्या लोकांनी अंत्युखिया शहरात हा निरोप नेला. त्या लोकांची नावेसुद्धा बायबलात नोंदलेली नाहीत. पण काळ गेला तशी व्यवस्था वाढली, आणि दूरदेशी जाऊन सांगणे हे प्रेषितांचे काम, ते त्यांच्याबरोबर संपले, असे पुष्कळांना वाटू लागले.

या समजुतीला धक्का दिला तो इंग्लंडातल्या विल्यम कॅरी नावाच्या माणसाने. कॅरी मूळचा जोडे शिवणारा. १७९२ साली त्याने एक छोटे पुस्तक छापून असा मुद्दा मांडला की, येशूची आज्ञा पहिल्या शिष्यांपुरती नव्हती, ती प्रत्येक पिढीला लागू आहे. दुसऱ्याच वर्षी तो स्वतः बंगालमध्ये आला. आपल्याला त्याचे नाव आणखी एका कारणाने लक्षात ठेवायला हवे. त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, आणि १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. या मराठी कामात वैजनाथ पंडितांचे त्याला मोठे साहाय्य झाले.

मुंबईत १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत पाठवण्याचे हुकूमही निघाले. अखेर त्यांना राहू दिले, आणि त्यांची अमेरिकन मराठी मिशन ही संस्था उभी राहिली. हॉल १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारला. १८३१ मध्ये मिशनने अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे ठाणे केले. तिथे सिंथिया फॅरार या बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली, ही गोष्ट शिक्षक मंडळींना ठाऊक आहेच. १८४२ साली तिथूनच 'ज्ञानोदय' हे पत्र निघाले.

काम वाढले, ते चांगलेच झाले. पण त्याबरोबर एक अडचणही वाढली. बाप्तिस्मा घेतला की माणूस पुष्कळदा घराला आणि भाऊबंदांना मुके. मग आसरा कुणाचा? मिशनचा. नोकरी मिशनची, खोली मिशनची. उपदेश करायचा तोही मिशनच्या पगारावर. गावातले लोक साहजिकच म्हणत, 'हा बोलतो ते साहेबाच्या पैशासाठी.' मंडळीतल्या साध्या माणसालाही वाटे, सांगायचे काम पगारदारांचे, आपण आपले रविवारी देवळात बसावे. निरोप्याला मजुरी मिळते म्हटल्यावर निरोपावरचा विश्वास कमी होतो. आपल्या व्यवहारातही आपण हे पाहतो, नाही का?

ही अडचण ज्याने मनापासून ओळखली तो माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेला हा कवी. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. तो गृहस्थ कोण, हे टिळकांना कळले नाही. म्हणजे इथेही निरोप पोचवणारा बिननावाचाच! १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी मोजली. ऐन तारुण्यात काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहावे लागले. पुढे त्या परत आल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना ते दुःख वेगळे सांगायला नको. ज्यांनी वाचली नसतील त्यांनी अवश्य वाचावीत. निरोप देणाऱ्याने तो ऐकणाऱ्याच्या घराचा केवढा भाग हलवतो, हे त्यातून समजते.

टिळकांनी दोन गोष्टी केल्या. पहिली भाषेची. साहेबी चालीची गाणी मराठी माणसाच्या गळ्यातून नीट निघेनात. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन हाती घेतले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचे ते सांगत. टाळमृदंगावर म्हणायचे गाणे असेल तर ते शेतकरी म्हणतो, दळणारी बाई म्हणते. त्याला पाद्री लागत नाही. गाणे ज्याच्या ओठी, तोच प्रचारक!

दुसरी गोष्ट पैशाची. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहिले आणि 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसमाज सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते, तसे न घेतलेलेही होते. पगार नाही, कुंपण नाही. ज्याला ख्रिस्ताविषयी प्रेम वाटेल त्याने ते आपल्या जगण्यातून आणि बोलण्यातून दाखवावे. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले. दरबार त्यांच्यामागे फार दिवस चालला नाही. पण अभंग राहिले. मराठी चर्चमध्ये ते आजही म्हटले जातात.

असा विचार करणारे टिळक एकटे नव्हते. पुणे जिल्ह्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंनी १९०५ मध्ये मुक्तिसदनातल्या मुलींना विचारले, आसपासच्या गावांत सांगायला कोण जाईल? तीस जणी पुढे आल्या. ज्यांना दुष्काळात किंवा वैधव्यात कुणी विचारले नव्हते, त्या मुली! त्याच वर्षी नाताळच्या दिवशी श्रीरामपुरास कॅरीच्याच ग्रंथालयात हिंदी ख्रिस्ती लोकांनी स्वतःची मिशनरी संस्था काढली : माणसे आपली, पैसा आपला, कारभारही आपला. तिच्या संस्थापकांपैकी व्ही. एस. अझरिया पुढे १९१२ मध्ये दोर्नाकलचे बिशप झाले. त्यांच्याकडे बाप्तिस्मा घेणारा माणूस स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून, हा निरोप सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे, असे बोलून दाखवी. बहुतेक लोक भूमिहीन, निरक्षर. पण त्या क्षणी तेही प्रेषितच ठरत.

सांगण्याच्या हक्काबरोबर मर्यादाही येते. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्रसार म्हणजे आपली तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. टिळकांच्या वागण्याकडे या दृष्टीने पाहा. हाती पैसा नाही, पाठीशी सत्ता नाही. मग आमिष दाखवणार कशाचे? उरतो तो फक्त निरोप आणि निरोप्याचे वागणे. घ्यायचे की नाही, ते ऐकणाऱ्याने ठरवायचे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या तालुक्यात जुनी मिशनची शाळा किंवा चर्च असेल तर मुलांना घेऊन जरूर जा. साहेबांची नावे पाटीवर कोरलेली सापडतील, तीही वाचा. पण मग तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की, तुमच्या घरात हे प्रथम कुणी सांगितले? कुणी आजीचे नाव घेईल, कुणी शेजारणीचे, कुणी गावच्या मास्तराचे. ती नावे वहीत लिहून घ्या. पाटीवर त्यांना जागा मिळालेली नाही, पण निरोप पोचवला तो त्यांनी.