मिलिव्होल्टचा व्होल्ट करणारी पेटी

प्रीॲम्प उघडून आत बघण्यात पूर्वी जी मजा होती, ती आता उरली नाही. पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास ॲम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. जुन्या मिक्सरचं झाकण काढलं की इनपुटपाशी काडेपेटीएवढा ट्रान्सफॉर्मर, शेजारी कपॅसिटर, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर दिसायचे. बोट ठेवून सांगता यायचं, की आवाज इथून आत येतो आणि इथे मोठा होतो. माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या आताच्या यूएसबी इंटरफेसमधले भाग चिमट्यात धरतानाही निसटतात. पण गंमत अशी, की हीच पेटी जुन्या पेटीपेक्षा काम बहुधा चांगलं करते. हे व्हायला पाऊणशे वर्षं लागली.

प्रीॲम्पचं काम सांगायला सोपं आहे. माइकसमोर गायलं की त्यातून जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट निघतात. टेपला किंवा कॉम्प्युटरला साधारण एक व्होल्ट लागतो. म्हणजे हजारपट वाढ, आमच्या भाषेत 60 डेसिबल गेन. आणि ही वाढ करताना प्रीॲम्पने स्वतःची खरखर त्यात घालायची नाही. सगळं घोडं इथेच पेंड खातं.

एक काळ असा होता की वाढवण्याची भानगडच नव्हती. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी भोंग्यासमोर गाऊन झालेल्या आहेत. गळ्यातली ताकद थेट सुईवर जायची. ज्याचा आवाज लहान, तो भोंग्याला लागून उभा राहायचा. 1925 साली विजेवरचं रेकॉर्डिंग आलं आणि माइकमागे ॲम्प्लिफायर लागला. पुढे जर्मन रेडिओसाठी व्ही 72 नावाची व्हॉल्व्हची पेटी तयार झाली. तिचाच एक प्रकार लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतल्या आरईडीडी 37 या कन्सोलमध्ये बसवला होता. बीटल्सची सुरुवातीची गाणी त्यातून गेली. त्या पेटीचा गेन ठरलेला, 40 डेसिबल. कमी हवा असेल तर आधी सिग्नल दाबून घ्यायचा.

मग ट्रान्झिस्टर आले आणि रुपर्ट नीव्ह हे नाव आलं. 1970 साली लंडनच्या वेसेक्स स्टुडिओसाठी केलेल्या कन्सोलमध्ये त्यांचं 1073 मॉड्यूल पहिल्यांदा बसलं. लाल रंगाचं गेनचं बटण, 80 डेसिबलपर्यंत मजल, आत हाताने सोल्डर केलेले बोर्ड आणि जड ट्रान्सफॉर्मर. तांब्याची बारीक तार हजारो वेढे गुंडाळून असा ट्रान्सफॉर्मर करायला माणूस लागतो, वेळ लागतो. गिऱ्हाईक कोण, तर मोजके स्टुडिओ आणि रेडिओ केंद्रं. महाग असायला आणखी काय कारण हवं? आजही एका चॅनलला लाखाच्या पुढे मोजणारे आहेत. त्यांना नावं ठेवणार नाही, तो आवाज खरोखरच भरदार आहे. पण त्यातला बराचसा भरदारपणा ट्रान्सफॉर्मरने सिग्नल किंचित बिघडवल्यामुळे येतो, हे विकणारा सांगत नाही.

जाता जाता सांगतो. इंटरफेसवर ‘48 व्ही’ लिहिलेलं बटण असतं, त्यातला 48 आकडा नॉर्वेतून आला. 1966 मध्ये नॉयमन कंपनीने तिथल्या रेडिओसाठी केबलमधूनच वीज घेणारा माइक केला. तिथल्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी 48 व्होल्टची सोय आधीपासून होती. तीच माइकला दिली. बस्स!

घरात गाणाऱ्याचे दिवस फिरले 1979 मध्ये. टीॲक कंपनीने पोर्टास्टुडिओ 144 काढला: साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, टेपचा वेग दुप्पट, आणि माइकचे प्रीॲम्प पेटीतच. जानेवारी 1982 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका भाड्याच्या घरात गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन या पेटीसमोर बसला. सोबत गिटार, हार्मोनिका आणि शूअरचे दोन एसएम 57 माइक. हेतू एवढाच, की बँडला गाणी ऐकवायला कच्चा नमुना हवा. पुढे बँडबरोबर स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण ती बात येईना. शेवटी ती कॅसेटच मास्टर म्हणून वापरली आणि त्याच वर्षी ‘नेब्रास्का’ हा अल्बम निघाला. ऐकलात तर मागे टेपची खरखर स्पष्ट आहे. त्या पेटीतले प्रीॲम्प आजच्या मानाने सामान्यच. तरी माणूस समोर बसून गातोय असं वाटतं, कारण माइक तोंडाजवळ होता आणि गाणारा मनापासून गात होता.

आपल्याकडे तेव्हा परदेशी यंत्र म्हणजे कुणी आखातातून आणलं तर. गणपती मंडळाचा आहुजाचा मिक्सर ॲम्प्लिफायर, त्यातून कॅसेट डेकला तार, झालं रेकॉर्डिंग! भजनी मंडळांच्या कितीतरी कॅसेटी अशा झाल्या. हम मात्र भरपूर, कारण अर्थिंगचा पत्ता नसायचा.

नव्वदीत किमती कोसळायला लागल्या. मॅकी कंपनीचे छोटे मिक्सर आले. 1992 मध्ये बाजारात आलेल्या अलेसिस एडॅट या रेकॉर्डरने व्हिडिओ टेपवर आठ डिजिटल ट्रॅक दिले. त्याच दशकात एआरटीची ट्यूब एमपी ही मुठीत मावेलशी पेटी निघाली. आत खरा व्हॉल्व्ह, म्हणून लोक भुलले. अशा स्वस्त पेट्यांत व्हॉल्व्हला बऱ्याचदा पुरेसं व्होल्टेज दिलेलंच नसतं. तो मिणमिणतो आणि आवाजाला थोडा चिकटपणा देतो. मला तो फारसा आवडला नाही, पण गिटारवर चालतो.

मोठा बदल चिपने केला. जे काम ट्रान्सफॉर्मर आणि मूठभर ट्रान्झिस्टर करायचे, ते एका छोट्या आयसीत आलं. नीव्ह यांनीच 1985 मध्ये फोकसराइट काढली, ती बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओच्या कन्सोलसाठी मॉड्यूल करायला. कंपनी 1989 मध्ये दुसऱ्या हाती गेली, आणि त्याच नावाने 2011 मध्ये स्कार्लेट 2आय2 हा यूएसबी इंटरफेस आला: दोन इनपुट, लाल पेटी. आज कॉलेजातल्या पोराच्या टेबलावर दिसते तीच.

आता आकडा बघा. माइकच्या जागी 150 ओहमचा नुसता रेझिस्टर इनपुटला लावला, तरी त्याची स्वतःची उष्णतेची खरखर उणे 131 डीबीयूच्या आसपास असते. याच्या खाली कुणाचाच बाप जाऊ शकत नाही. स्वस्त इंटरफेस उणे 127-128 पर्यंत पोचतात. राहिलं काय? तीन-चार डेसिबल. तुमच्या घरातला पंखा त्याच्या कितीतरी वर असतो.

म्हणून दुकानात आलेल्याला मी एवढंच सांगतो. वीस हजारांच्या आतला, दोन इनपुटचा, नावाजलेला कुठलाही इंटरफेस घ्या. डायनॅमिक माइक वापरणार असाल तर गेन किमान 55-60 डेसिबल आहे का, ते कागदावर वाचा. कंडेन्सरला एवढा लागत नाही. वेगळा प्रीॲम्प आत्ता नको. उरलेले पैसे माइक आणि भक्कम स्टँडवर घाला. गिटारसाठी माइक भोकासमोर नाही, बाराव्या फ्रेटकडे रोखा. आणि पहिली नोट वाजवण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या.