खर्जाचा एकांत

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मागल्या रांगेत डबल बास नावाचे एक वाद्य असते. माणसाएवढे उंच, जाड तारांचे. इतरांच्या सुरांना पाया देणे हेच त्याचे नेमून दिलेले काम. हिंदी चित्रपटगीतांतून त्याचा नाद मराठी श्रोत्यांच्या कानी पुष्कळदा पडलेला आहे. ओळखला मात्र तो क्वचितच जातो. १९४९ साली हिंडेमिथ या जर्मन संगीतकाराने या वाद्यासाठी सोनाटा रचला, पण सोबतीस पियानो ठेवला. १९७१ मध्ये वाइनबर्गने तीही सोबत काढून घेतली. नाझींच्या आक्रमणापुढे वॉर्सा सोडून रशियात आलेल्या आणि आईबाप व बहीण त्या संहारात गमावलेल्या या संगीतकाराने एकट्या डबल बासकरिता सोनाटा लिहिला.

हिंदुस्थानी संगीतात खर्जाला असा एकांत त्यापूर्वीच लाभला होता, आणि त्याचे एक मोठे ठिकाण जबलपूरच्या शेजारीच आहे. जबलपूरहून कटनीमार्गे अलाहाबादकडे निघाले की सुमारे १५० किलोमीटरांवर मैहर लागते. महाराजा ब्रिजनाथसिंहांच्या आश्रयाने तेथे अलाउद्दीन खाँ राहिले. अनाथ मुलांना जमवून त्यांनी उभारलेला वाद्यवृंद आणि त्यातील बंदुकीच्या नळ्यांचा नलतरंग सर्वश्रुत आहे. सुरबहाराची कथा तितकी ऐकू येत नाही.

सुरबहार म्हणजे सतारीचे खर्जातले थोरले भावंड. बीनकार आपली बीन घराबाहेर शिकवीत नसत. बाहेरच्या शिष्यांसाठी म्हणून एकोणिसाव्या शतकात हे वाद्य पुढे आले, अशी परंपरा सांगते. जाड तार, रुंद पडदे, आणि एका पडद्यावरून तार ओढीत कितीतरी स्वर ओलांडणारी मींड! त्याच्या आलाप-जोडाला तबल्याची गरज नाही. भरगच्च मंडपापेक्षा दिवाणखाना त्याला अधिक मानवतो.

खाँसाहेबांची कन्या अन्नपूर्णादेवी हिचा जन्म १९२७ साली मैहरलाच झाला. वडिलांनी तिच्या हाती आधी सतार दिली. पुढे सुरबहार देताना, हे वाद्य सामान्यांना नव्हे तर जाणकारांनाच रुचेल, असे त्यांनी बजावले होते म्हणतात. पती रविशंकर यांच्या सतारीबरोबर तिच्या सुरबहाराच्या जुगलबंद्या गाजल्या. पण १९५०च्या दशकातच तिने जाहीर मैफली सोडल्या. पुढील आयुष्य मुंबईत बंद दाराआड गेले. तेथे ती शिष्यांना गाऊन शिकवी; हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर यांच्या बासरीला त्याच घरात वळण मिळाले. १९७७ साली पद्मभूषण मिळाले, तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी तिचे निधन झाले.

मागे राहिली ती मोजकी ध्वनिमुद्रणे. मांज खमाजाची जुगलबंदी त्यांतलीच. त्यांतील काही सभागृहाबाहेरच्या कर्ण्यांवरून कोणी चोरून उतरून घेतली, असे सांगतात. अशा मुद्रणात सतार स्पष्ट येते. खर्जाच्या तारेसाठी कान लावून बसावे लागते.