डोंगरदृश्यांची जपानी लघुमुद्राचित्रे

लाकडी ठशांवरून हातकागदावर छापलेली लहान मापाची निसर्गचित्रे. ओबान (सुमारे 39 × 26 सेंमी.), त्याच्या निम्मे चूबान आणि त्याहून धाकटे कोबान ही नेहमीची मापे. आपल्या छापखान्यांतल्या डेमी-क्राऊनसारखी तीही मोठा ताव कापण्यातून आली, म्हणून स्वस्ताईपायी डोंगर आखडला, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. एदो काळातले गिऱ्हाईक सामान्य होते हे कबूल. पण ठशाचेही म्हणणे ऐकावे लागते. रंगागणिक चेरीच्या लाकडावर वेगळा ठसा, कागद ओलसर आणि दाब ‘बारेन’ या हातातल्या चकतीचा. ओला कागद ताणला जातो. ताव जेवढा मोठा तेवढे खाचांना टेकवून जुळवलेले रंगांचे रजिस्टर हलायची धास्ती जास्त. शिखराची कड केसभर सरकली, तरी आकाशाची निळाई बर्फावर चढते.

एवढ्याशा कागदात तपशील मरतो, हा दुसरा आक्षेप. मरतो खरा. मात्र डोंगराला तपशिलापेक्षा कड आणि अंतर हवे असते. अंतराची सोय ‘बोकाशी’ करते: ठशावरच रंग ओल्या कुंचल्याने विरवत न्यायचा, की पायथा आपोआप धुक्यात जातो. होकुसाई या चित्रकाराने तर 1834पासून फुजीची शंभर दृश्ये पुस्तकाच्या पानावर, नुसत्या काळ्या-करड्या शाईत बसवली.

स्वस्ताईचा मुद्दा हिरोशी योशिदापाशी (1876–1950) पुरता लंगडा पडतो. हा गिर्यारोहक चित्रकार 1930–31मध्ये मुलगा तोशी याच्यासह भारतात आला. ओबानहून बरीच मोठी मुद्राचित्रे त्याने आधी छापली होती, अमेरिकेत त्याला खरीददारही होते. तरी 8,586 मी. उंचीची कांचनगंगा, सकाळची आणि दुपारची, त्याने ओबानच्या आसपासच ठेवली. भारतभेटीच्या याच चित्रमालिकेत अजिंठा-वेरूळची लेणी आहेत. त्यांना वास्तुचित्रे म्हणण्याचा प्रघात आहे. पण लेणे बांधलेले नसते, कोरलेले असते, तेव्हा विषय शेवटी डोंगराचाच. सह्याद्रीचा कातळही या छपाईच्या सोयीचा. नाशिकच्या सातपूरहून त्र्यंबक रस्त्याला लागले की अंजनेरीचा डोंगर दिसतो: सपाट माथा, खाली बसाल्टचे आडवे थर, म्हणजे रंगाच्या वेगळ्या पट्ट्या जणू आखूनच दिलेल्या. आषाढात मधली पट्टी ढगात जाते आणि माथा खालच्या डोंगरापासून सुटा दिसतो.